हीट नंबर ७११

रात्रीचे अडीच. भोसरी, जे ब्लॉक.
शहानवाज चिमट्यात धरून आणतो
रुपयाएवढा नमुना,
हातमोज्यातूनही चटका देणारा.
मी तो घासते, चकचकीत करते,
स्पेक्ट्रोच्या तोंडावर पालथा ठेवते.

ठिणगी.
आणि लोखंड पोपटासारखं बोलायला लागतं:
कार्बन तीन पॉइंट सहा, सिलिकॉन दोन पॉइंट चार,
मँगनीज बेताचं,
फॉस्फरस सांडूरच्या खाणीचा, मी वासावरून ओळखते
असं म्हणायला मला आवडतं.
वास नसतो. आकडा असतो.

तावून-सुलाखून घ्यावं माणूस, आई म्हणायची,
मला सांगून आलेल्या स्थळांबद्दल.
लेक पुढे हेच करून खाणार
हे तिला कुठं ठाऊक होतं?
महिना एकोणीस हजार, पीएफ कापून.

परवा सेकंड शिफ्टला पिगचा ट्रक आला.
हनुमंतप्पाच्या भुवया लाल,
डब्याचं फडकं लाल.
आमच्याकडे धुतलेलं धोतरसुद्धा लालच वाळतं, म्हणाला.
म्हणाला, डोंगर होता तिथं आता तळं आहे,
बदकं येतात.
डोंगर गेला कुठं?
मी म्हटलं, थोडा इथं आहे.
आणि त्याच्या तळव्यावर एक नमुना ठेवला.
त्यानं उलटापालटा करून पाहिला.
एवढाच?

माती म्हणून बोटीत भरली तर टनाला एवढे,
लादी करून विकली तर तेवढे,
ब्रेकचा ड्रम झाला तर चौपट,
आणि तीच माती समुद्रापल्याडून
गाडी होऊन चाकणला उतरली
तर किंमत विचारू नये, हप्ता विचारावा.
तिकडे चीननं बंदरावर साठा करून ठेवला
की आमच्या कॅन्टीनमधली दुसरी भाजी बंद होते.
हे अर्थशास्त्र मला वाघचौरे आचाऱ्यांनी शिकवलं,
रिकाम्या पातेल्यावर पळी वाजवून.

मी राहते धावडे वस्तीत.
धावड म्हणजे डोंगरातला दगड भाजून लोखंड गाळणारे,
असं रिक्षातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं.
खरंखोटं तोच जाणे.
पण त्या दिवशी वस्तीची पाटी मी पहिल्यांदा नीट वाचली.

तर आज, हीट सातशे अकरा:
तांबं शून्य पॉइंट एकेचाळीस.

इतकं तांबं या ग्रेडला चालत नाही.
निकाळजे फोरमन भंगारवाल्याच्या सात पिढ्या काढतात.
मी डोळे मिटते तर मला दिसतो
नाना पेठेतल्या कुठल्याशा न्हाणीतला बंब,
चिंचेनं घासून घासून झिजलेला,
बुडाशी टिंबाटिंबांनी कोरलेलं कुणा बाईचं नाव,
शेवटचं अक्षर जागा न पुरल्यानं वर चढलेलं.

बंब? निकाळजे हसतात.
बाई, तांब्याचा भाव बघा जरा.
बंब कोण फेकतंय लोखंडात?
मोटारीचं वाइंडिंग असणार, जळकं.

बरोबर आहे त्यांचं.
तरी मी स्क्रीनकडे पुन्हा बघते.

अर्धी भट्टी ओता, पिग घाला, पातळ करा.
हनुमंतप्पाच्या लाद्या धडाधड आत जातात.
उरलेल्या लाल रसात
एक डोंगर त्या नावावर ओतला जातो.
शहानवाजच्या चेहऱ्यावर उजेड पडतो, विझतो.

दुसरा नमुना. ठिणगी.
शून्य पॉइंट एकोणीस.
चालेल.
मी सही करते. घड्याळात साडेतीन.

नमुने पाच वर्षं जपायचे असतात, गिऱ्हाइकाची अट.
मी सातशे अकराचे दोन्ही डब्यात टाकते,
खण्ण, खण्ण.

डब्यात सहाशे अठ्ठ्याण्णव नाही.
तो कुठल्याशा ट्रकच्या डॅशबोर्डवर
बेल्लारीच्या वाटेला लागलाय, परतीच्या.
ऑडिटला काय सांगायचं
ते अजून ठरवलं नाही.